साडेचोवीस वर्षांचा निवाडा : टॉटनहॅम हॉटस्पर आणि अध्यक्ष डॅनियल लेव्ही

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डोव्हर या बंदराच्या गावी जॉन रिप्शर यांची कबर आहे. रिप्शर म्हणजे आपल्या टॉटनहॅम हॉटस्पर क्लबचे पहिले अध्यक्ष. १९०७ मध्ये डोव्हरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला २००७ मध्ये, पुरत्या शंभर वर्षांनी.

लंडनमधल्या आपल्या मराठी समर्थक मंडळींनी या स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा मला आधी ही कबर आठवली. ४ सप्टेंबर २०२५ रोजी डॅनियल लेव्ही अध्यक्षपदावरून पायउतार झाले. फेब्रुवारी २००१ पासून, म्हणजे साडेचोवीस वर्षे, ते या पदावर होते. प्रीमियर लीगमधले त्या वेळचे ते सर्वांत दीर्घकाळ पद सांभाळणारे अध्यक्ष. त्यांच्याविषयी समर्थकांचे म्हणणे अजून ताजे आहे आणि मते टोकाची आहेत. म्हणूनच ते आत्ता, माणसे आणि दिवस आठवणीत असतानाच, लिहून ठेवायला हवे.

मुलांचे मंडळ ते शेअर बाजार

१८८२ मध्ये टॉटनहॅममधल्या काही शाळकरी मुलांनी हा क्लब काढला. उन्हाळ्यात ती हॉटस्पर नावाने क्रिकेट खेळत. हिवाळ्यात हातपाय हलवायला काहीतरी हवे म्हणून फुटबॉल आला. हॉटस्पर हे नाव सर हेन्री पर्सी या मध्ययुगीन सरदाराच्या टोपणनावावरून घेतलेले. ऑल हॅलोज चर्चमध्ये या मुलांना बायबल शिकवणारे रिप्शर पुढच्या वर्षी त्यांचे अध्यक्ष झाले आणि अकरा वर्षे राहिले. मुलांना बसायला जागा मिळवून देणे, त्यांच्यातली भांडणे सोडवणे, चार जबाबदार माणसांपुढे त्यांची बाजू मांडणे, ही त्यांची कामे. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीच्या किंवा क्रीडा मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाला ती ओळखीची वाटतील.

क्लब १८९९ मध्ये व्हाइट हार्ट लेनवर आला. १९०१ मध्ये, फुटबॉल लीगचा सदस्यही नसताना, त्याने एफए कप जिंकला. लीग स्थापन झाल्यानंतर लीगबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबला हे आजवर जमलेले नाही. बिल निकल्सन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ मध्ये लीग आणि एफए कप एकाच हंगामात आले. विसाव्या शतकात हा दुहेरी मान मिळवणारा हा पहिला क्लब. १९६३ मध्ये रॉटरडॅमला ॲटलेटिको माद्रिदचा ५-१ असा पराभव करून युरोपीय करंडक जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लबही आपलाच. १९७२ आणि १९८४ मध्ये युएफा कप आला. टॉटनहॅमच्या माणसाची अपेक्षा या वर्षांनी घडवली आहे. नुसते जिंकून त्याचे समाधान होत नाही, सुंदर खेळून आणि धाडस करून जिंकावे लागते. क्लबचे लॅटिन ब्रीदवाक्यही तेच सांगते : धाडस करणे म्हणजेच करून दाखवणे.

१९८३ मध्ये क्लब लंडनच्या शेअर बाजारात गेला. शेअर बाजारात उतरलेला जगातला हा पहिला क्रीडा क्लब. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर कर्जाने तो बुडायच्या बेतात होता. १९९१ मध्ये ॲलन शुगर आणि टेरी व्हेनेबल्स यांनी तो सावरला. शुगर यांच्या दहा वर्षांत व्यवहार रुळावर आला, पण संघ लीगमध्ये मधल्या क्रमांकांवर घुटमळत राहिला. २००१ च्या सुरुवातीला शुगर यांनी आपला मोठा हिस्सा ‘एनिक’ या गुंतवणूक कंपनीला विकला. कंपनीच्या पाठीशी जो लुईस यांचा पैसा होता आणि कारभार होता ३९ वर्षांच्या, केंब्रिजमध्ये शिकलेल्या लेव्ही यांच्याकडे. ते लहानपणापासूनचे टॉटनहॅमवाले. त्यामुळे ‘आपला माणूस’ म्हणूनच त्यांचे स्वागत झाले.

पहिली दहा वर्षे : घडी बसली

लेव्ही यांची पहिली काही वर्षे चाचपडण्यात गेली. ग्लेन हॉडल आले आणि गेले. जाक सांतिनी १३ सामन्यांत परतले. मार्टिन योल यांनी संघाला लागोपाठ दोन हंगाम पाचव्या क्रमांकावर नेले आणि हा क्लब वर चढू शकतो, असा विश्वास लोकांना आला. हुआंदे रामोस यांच्या काळात, २४ फेब्रुवारी २००८ रोजी, चेल्सीला २-१ ने हरवून लीग कप जिंकला. वेम्बलीतून परतताना कोणाच्या मनातही आले नव्हते की पुढचा करंडक पाहायला १७ वर्षे लागतील.

हॅरी रेडनॅप यांच्या संघाने ५ मे २०१० रोजी मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर १-० ने हरवून चौथा क्रमांक निश्चित केला. गोल पीटर क्राउचचा. त्या एका गोलाने चॅम्पियन्स लीगचे दार उघडले. लेव्ही यांच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या २० हंगामांपैकी १८ हंगामांत क्लब युरोपीय स्पर्धांत खेळला. नव्वदच्या दशकात इथे बसलेल्यांना विचारा, हे किती मोठे आहे ते तेच सांगतील. हा पाया लेव्ही यांनी घातला, आणि त्यांच्यावर सर्वांत जास्त रागावलेल्या समर्थकानेही हे मान्य करावे, अशी माझी विनंती आहे.

मैदान

लेव्ही यांचे खरे स्मारक टॉटनहॅमच्या हाय रोडवर उभे आहे.

ते तिथे उभे आहे, याचे श्रेय मात्र थोडे आमचेही. जुन्या व्हाइट हार्ट लेनमध्ये जेमतेम ३६ हजार माणसे मावत. मोठ्या क्लबांशी बरोबरी करायची तर मोठे मैदान हवे, हा अध्यक्षांचा हिशेब बरोबर होता. पण २०१० च्या सुमारास त्यांनी पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डचे ऑलिंपिक मैदान मिळवण्यासाठी बोली लावली. टॉटनहॅम सोडून टॉटनहॅम हॉटस्पर कुठे जाणार? समर्थकांनी एन-१७ हा आपला पिनकोडच निशाण केला आणि विरोधाला उभे राहिले. फेब्रुवारी २०११ मध्ये ते मैदान वेस्ट हॅमकडे जाणार हे ठरले आणि अध्यक्ष घरी परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टॉटनहॅममध्ये दंगल उसळली. दुकाने जळाली, हंगामातला पहिला सामना पुढे ढकलावा लागला. अशा वेळी या वस्तीत एवढी मोठी गुंतवणूक होणे किती गरजेचे होते, हे इथे राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे लेव्ही यांनी जी चिकाटी दाखवली तिला तोड नाही. जागा मिळवण्याचे खटले, परवानग्या, कर्ज, एन्फिल्डचे नवे सराव केंद्र, सगळे एकामागून एक उभे राहिले. १४ मे २०१७ रोजी जुन्या मैदानावर शेवटचा सामना झाला. मँचेस्टर युनायटेडचा २-१ असा पराभव झाला आणि त्या हंगामात घरच्या मैदानावर लीगमध्ये एकही हार न पत्करता आम्ही व्हाइट हार्ट लेनचा निरोप घेतला. पाऊस पडून गेला होता आणि समारंभ चालू असतानाच मैदानावर इंद्रधनुष्य उमटले. मी पूर्वेच्या स्टँडमध्ये होतो. माझ्या डाव्या हाताला बसणारे आजोबा त्यांच्या वहीत नोंद करत होते.

या वहीविषयी सांगायला हवे. निळ्या पुठ्ठ्याची, रेघांची वही. प्रत्येक सामन्याला एक ओळ : तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, आणि शेवटच्या रकान्यात ‘कोणाबरोबर’. अशा अनेक वह्या त्यांच्या घरी आहेत. पहिल्या वहीत तो शेवटचा रकाना वडिलांच्या नावाने भरलेला, मग भावाच्या, मग मुलाच्या. १९६१ चा संघ त्यांनी वडिलांचा हात धरून पाहिला होता. त्या दिवशी मी त्यांना विचारले, आज काय लिहिलेत? त्यांनी वही माझ्यापुढे धरली. शेवटच्या रकान्यात लिहिले होते : ‘सगळ्यांबरोबर’.

नवे मैदान ३ एप्रिल २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्याने उघडले. सुरक्षा यंत्रणेतील दोषांमुळे आधीच्या तारखा हुकल्या होत्या आणि जवळजवळ दोन हंगाम संघ वेम्बलीवर पाहुण्यासारखा खेळला होता. मैदानाची क्षमता ६२,८५०. दक्षिणेचा स्टँड एकसंध, एकाच चढणीचा, त्यात साडेसतरा हजार माणसे आणि माथ्यावर सोनेरी कोंबडा. गवताचे मैदान तीन तुकड्यांत विभागून स्टँडखाली सरकते आणि खालून अमेरिकन फुटबॉलसाठी कृत्रिम पृष्ठभाग बाहेर येतो. मुष्टियुद्धे होतात, संगीताचे मोठे कार्यक्रम होतात आणि प्रत्येक कार्यक्रमाचा पैसा क्लबच्या तिजोरीत पडतो. बांधकामाला सुमारे १०० कोटी पौंड लागले. त्यासाठीचे कर्ज ६० कोटी पौंडांच्या वर गेले, पण ते लांब मुदतीचे घेतल्याने क्लबचा श्वास कोंडला नाही. २००१ मध्ये सुमारे ५ कोटी पौंड असलेले वार्षिक उत्पन्न २०२३-२४ मध्ये ५२ कोटी ८० लाखांवर गेले.

सॉन ह्युंग-मिनने उद्घाटनाच्या सामन्यात नव्या मैदानावरचा पहिला लीग गोल केला तेव्हा दक्षिणेच्या स्टँडमधून जो आवाज उठला, तो छातीत जाणवला. दिवे लागलेल्या संध्याकाळी हाय रोडवरून चालत येताना ते मैदान दिसले की मला आजही अभिमान वाटतो. हे लेव्ही यांचे देणे आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पुरणार आहे.

थांबा, अजून थोडे थांबा

पण मैदान बांधले जात असतानाच लेव्ही यांच्या काळातला सर्वांत चांगला संघ मोठा होत होता, आणि त्या संघाजवळ अध्यक्षांच्या वेळापत्रकाइतका वेळ नव्हता.

मॉरिसिओ पोचेटिनो मे २०१४ मध्ये आले. हॅरी केन, डेले अली, क्रिस्टियन एरिक्सन, सॉन, यान वेर्टोंगन, तोबी आल्डरवेरल्ड ही त्यांची माणसे. २०१६-१७ मध्ये ८६ गुण मिळवून संघ दुसरा आला. आणखी एक-दोन माणसे भरायची ती हीच वेळ होती. प्रत्यक्षात जानेवारी २०१८ अखेर लुकास मोरा आला, त्यानंतर ५१७ दिवस एकही नवा खेळाडू घेतला गेला नाही. खेळाडू-खरेदीची उन्हाळी खिडकी पूर्ण रिकामी सोडणारा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब म्हणून आपली नोंद झाली. तशातही ८ मे २०१९ च्या रात्री ॲमस्टरडॅममध्ये त्याच लुकासने उत्तरार्धात तीन गोल केले, शेवटचा भरपाई वेळेत, आणि संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गेला. माद्रिदमध्ये लिव्हरपूलकडून २-० अशी हार झाली. साडेपाच महिन्यांनी पोचेटिनो यांना काढण्यात आले.

लेव्ही यांची घासाघीस युरोपभर प्रसिद्ध होती. खेळाडू विकताना ते शेवटच्या तासापर्यंत ताणत आणि क्लबला मोठी रक्कम मिळवून देत. मायकल कॅरिक, दिमितार बर्बाटोव्ह, लुका मॉड्रिच गेले. २०१३ मध्ये गॅरेथ बेल सुमारे साडेआठ कोटी पौंडांना, त्या वेळच्या विक्रमी किमतीला, रेआल माद्रिदला गेला. खेळाडू घेताना मात्र हीच घासाघीस नडत असे. हवा तो माणूस दुसऱ्या क्लबात जाई किंवा हंगाम सुरू झाल्यावर हाती येई. पगारावर क्लब उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी खर्च करत होता. मोठ्या क्लबांच्या रांगेत हे प्रमाण फार कमी. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा गुण आहे. करंडकासाठी झगडणाऱ्या संघाच्या दृष्टीने तो अडसर ठरला.

प्रशिक्षकांची संख्या पाहा. हंगामी माणसे सोडली तरी हॉडलपासून थॉमस फ्रँकपर्यंत १३ जण. तरुणांना घडवणारे पोचेटिनो गेले, बचावावर भर देणारे मोरिन्यो आले. एप्रिल २०२१ मध्ये लीग कपचा अंतिम सामना सहा दिवसांवर असताना त्यांना काढले आणि तो सामना मँचेस्टर सिटीने जिंकला. नूनो, कॉन्टे, मग पुन्हा आक्रमक खेळाचे अँजे पोस्टेकोग्लू. प्रत्येकाची खेळायची रीत वेगळी, त्यामुळे प्रत्येक वेळी संघ मुळापासून बदलायचा. मैदानासाठी वीस वर्षांचा विचार करणाऱ्या अध्यक्षांनी संघासाठी तेवढा लांबचा विचार टिकवला नाही, ही समर्थकांची मुख्य तक्रार आहे आणि माझ्या मते ती न्याय्य आहे.

हॅरी केनने २८० गोल करून जिमी ग्रीव्हझ यांचा २६६ चा विक्रम मोडला. क्लबच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा हा खेळाडू टॉटनहॅमचा एकही करंडक हाती न घेता ऑगस्ट २०२३ मध्ये बायर्न म्युनिकला गेला. त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले होते, “अध्यक्षांना वेळ आहे. मैदानालाही वेळ आहे. केनला नव्हता आणि मलाही फारसा नाही.”

लोक आणि क्लब

आपल्याकडे एखाद्या पतपेढीच्या वार्षिक सभेत साधा सभासद उठून उभा राहतो आणि अध्यक्षांना ताळेबंदातल्या आकड्याविषयी जाब विचारतो. बार्सिलोनात सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. टॉटनहॅममध्ये शेअर घेतलेल्या सामान्य समर्थकाला निदान कंपनीच्या सभेत बसता येई. २०१२ मध्ये क्लब शेअर बाजारातून बाहेर पडला आणि ते दारही अरुंद झाले. उरला तो स्टँडमधला आवाज.

आणि तो आवाज ऐकावा लागतो, हे दोनदा दिसले. करोनाच्या सुरुवातीला, ३१ मार्च २०२० रोजी, क्लबने न खेळणाऱ्या ५५० कर्मचाऱ्यांच्या पगारात २० टक्के कपात जाहीर केली आणि सरकारी मदतीचा आधार घ्यायचे ठरवले. समर्थकांनी खडसावले आणि दोन आठवड्यांच्या आत क्लबने तो निर्णय फिरवला. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी बंदिस्त सुपर लीग जाहीर केली. त्यातले सहा क्लब इंग्लंडचे होते आणि एक आपला. देशभरचे समर्थक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही क्लब मागे फिरले. टॉटनहॅमच्या समर्थकांच्या ट्रस्टने तर संचालक मंडळाचा राजीनामाच मागितला. त्या उद्रेकातून फुटबॉलच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली. तिच्या प्रमुख होत्या खासदार ट्रेसी क्राउच, स्वतः टॉटनहॅमच्या समर्थक. त्यातूनच २०२५ चा कायदा आणि स्वतंत्र नियामक आला. समर्थकांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक करण्याची तरतूद त्या कायद्यात आहे.

२०२४ मध्ये तिकिटांचे दर ६ टक्क्यांनी वाढले आणि ज्येष्ठांची सवलत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले, तेव्हा स्टँडमधले तरुणसुद्धा ज्येष्ठांसाठी फलक घेऊन उभे राहिले. साठ वर्षे येणारा माणूस आमच्या लेखी ग्राहक नाही, तो क्लबचा चालता-बोलता इतिहास आहे, हे त्यांना सांगायचे होते.

शेवटचा हंगाम

१६ फेब्रुवारी २०२५. मँचेस्टर युनायटेडचा १-० असा पराभव झाला, पण लोकांना त्याचा फारसा आनंद नव्हता. दुपारी हाय रोडवरून मोर्चा निघाला होता. फलकांवर वर्षांची, प्रशिक्षकांची आणि करंडकांची संख्या लिहिलेली होती आणि करंडकांपुढे एकच आकडा होता : १. सामना संपल्यावर शेकडो लोक जागेवरून उठले नाहीत. माझ्यापुढच्या रांगेत एक बाप आपल्या झोपाळलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसून राहिला. दिवे मंद होऊ लागले तरी तो उठला नाही. त्याच्या हातात फलक नव्हता, तोंडात घोषणा नव्हती. तो फक्त बसला होता.

तीन महिन्यांनी, २१ मे रोजी, बिलबाओत युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. तिकीट न मिळालेले आम्ही हजारो लोक आपल्याच मैदानावर पडद्यासमोर जमलो. ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल. उत्तरार्धात मिकी व्हॅन डी व्हेनने गोलरेषेवरून हवेत झेपावत चेंडू बाहेर काढला, तेव्हा बाजूच्या अनोळखी माणसाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. १-०. १७ वर्षांनी करंडक आणि ४१ वर्षांनी युरोपीय करंडक. त्याच हंगामात संघ लीगमध्ये २२ सामने हरून १७ व्या क्रमांकावर राहिला, हेही इतिहासात लिहायला हवे. एकाच वर्षात इतकी उंची आणि इतकी घसरण आम्ही कधी पाहिली नव्हती. ६ जूनला पोस्टेकोग्लू यांना निरोप मिळाला. ऑगस्टमध्ये कर्णधार सॉन दहा वर्षांनी गेला. सप्टेंबरमध्ये अध्यक्षही गेले. निर्णय मालकांकडून आला, समर्थकांच्या मताने नाही.

आमचा निवाडा

निवाडा देताना दोन टोके टाळावीत असे मला वाटते. लेव्ही यांनी काहीच केले नाही म्हणणाऱ्याने ३ एप्रिल २०१९ ची संध्याकाळ आठवावी. त्यांनी क्लब कर्जात बुडू दिला नाही. लीड्स आणि पोर्ट्समथ यांची काय गत झाली, ते आपण पाहिले आहे. त्यांनी अखेर क्लब टॉटनहॅममध्येच ठेवला, संघ युरोपात नेला आणि जगातले एक उत्तम मैदान बांधले. आणि समर्थक उतावीळ होते म्हणणाऱ्याने आजोबांची वही पाहावी. अध्यक्ष म्हणत होते, मैदान होऊ द्या, मग यश येईल. मैदान झाले आणि यशाची वेळ निघून गेली. संस्थेला शंभर वर्षांचे आयुष्य असते, पण तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला काही मोजकेच हंगाम मिळतात. दीर्घ पल्ल्याच्या नेतृत्वाने हे दोन्ही काळ सांभाळायचे असतात. लेव्ही यांनी पहिला फार समर्थपणे सांभाळला. दुसऱ्याला ते पुरे पडले नाहीत.

नव्या कारभाऱ्यांकडे आमच्या दोन मागण्या आहेत. मैदानाच्या भिंतीवर डॅनियल लेव्ही यांच्या नावाची पाटी लावा. ती आता लावा, शंभर वर्षांनी नको. रिप्शर यांच्या बाबतीत झालेली चूक पुन्हा होऊ नये. आणि संचालकांच्या टेबलाशी समर्थकांनी निवडलेल्या माणसाला मताच्या अधिकारासह एक खुर्ची द्या, म्हणजे पुढच्या अध्यक्षांना लोकांचे म्हणणे कळण्यासाठी कुणाला मंद दिव्यांखाली मूल मांडीवर घेऊन बसावे लागणार नाही.

बिलबाओच्या रात्री आजोबा आमच्यात होते. सामना संपल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी वही उघडली. हात थरथरत होता म्हणून त्यांनी पेन शेजारी बसलेल्या नातीच्या हाती दिले. तिने तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल लिहिला आणि शेवटच्या रकान्याशी येऊन विचारले, इथे काय लिहू? त्यांनी तिला सांगितले, तुझे नाव लिही.